सापडलं नाही

लॅबचा मेसेज आला तेव्हा पंचांच्या अर्ध्या गालावर साबण होता. आरशाखाली ठेवलेला फोन थरथरला. रक्ताचा रिपोर्ट तयार होता. पंचांनी तो उघडला नाही. रिपोर्ट दोघांनी मिळूनच बघायचा असं नवराबायकोचं ठरलं होतं, आणि बायको होती गल्लीच्या त्या टोकाला, तिच्या शिवणाच्या दुकानात.

संध्याकाळी ती घरी येणारच होती. पण ज्यानं उभा जन्म फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवली त्याला वाट बघत बसणं कुठून जमणार? त्यांनी पाठीचा पट्टा आवळला, दाराला कुलूप घातलं आणि निघाले.

आजार हाडांच्या आतल्या मज्जेचा. मल्टिपल मायलोमा, म्हणजे कॅन्सरच. त्यात बिघडलेल्या पेशी एक नको ते प्रथिन बनवतात आणि ते रक्तात उतरतं. रक्तात ते जेवढं जास्त, तेवढा आजार जास्त. डॉक्टर त्याला एम प्रोटीन म्हणत. घरात त्याचं नाव पडलं होतं पाहुणा. आधी पाहुणा भराभर उतरला. मग अडला. मागच्या दोन्ही रिपोर्टात जिथल्या तिथे. "या वेळीही हलला नाही तर औषध बदलावं लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते दुसरं औषध कसं असतं हे त्या दोघांनी विचारलं नव्हतं.

फळवाल्यानं हाक मारली, "पंच, सकाळी सकाळी कुठे?" पंचांनी नुसता हात केला. घाई करायची नाही, मणके अजून कच्चे आहेत, अशी सक्त ताकीद होती. ते घाई करत नव्हते. फक्त चालत होते, पण मधे कुठेही न थांबता.

दुकानात पोस्टमन कोटाच्या ट्रायलसाठी हात पसरून उभा होता. एक बाही लागलेली, दुसरी टाचण्यांवर. तोंडात टाचण्या धरलेल्या बायकोनं दाराकडे बघितलं आणि टाचण्या काढून हातात घेतल्या.

"अहो, हा काय अवतार? अर्धी दाढी तशीच?"

"आला," पंच म्हणाले आणि फोन पुढे केला.

तिनं हात पुसले. रिपोर्ट उघडला. आकडेच आकडे, आणि सगळं इंग्रजीत. एरवी ती पाहुण्याची ओळ बरोबर शोधायची, त्याच्यापुढचा आकडा वाचायची. आज ओळ सापडली, पण पुढे आकडाच नव्हता. दोन शब्द होते.

"पोस्टमनदादा, हे जरा बघा हो."

पोस्टमननं टाचण्यांची बाही सांभाळत मान वाकवली. "सापडलं नाही, असं लिहिलंय."

"सापडलं नाही म्हणजे?" तिचा आवाज चढला. "एवढ्या नळ्या भरून रक्त घेतलं आणि सापडलं नाही? नीट बघितलंच नसणार. आता परत टोचून घ्यायचं का यांनी?"

पंच खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांच्या मनात काहीतरी हललं होतं, पण ते तोंडातून काढायची हिंमत होत नव्हती. "डॉक्टरांना लाव," एवढंच म्हणाले.

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रिपोर्ट डॉक्टरीणबाईंच्याही समोर होता. तिचा तक्रारींचा पाढा त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"काकू," त्या म्हणाल्या, "अहो, ते सापडू नये म्हणूनच तर हे सगळं चाललं होतं. दोनदा शोधलंय. दुसऱ्यांदा तर जास्त बारीक चाळणी लावून. रक्तात प्रथिन नाही."

पोस्टमनचे हात अजून पसरलेलेच होते.

"म्हणजे पाहुणा गेला?" पंचांनी विचारलं.

"रक्तातून तरी गेलाय. एकदा हाडातली मज्जा तपासून खात्री करून घेऊ. आणि हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून रक्त तपासत राहायचं. गोळ्याही चालू ठेवायच्या. पण औषध बदलायचं नाही. काका, ऐकताय ना?"

काका ऐकत होते. डोळ्यांतलं पाणी साबण लागलेल्या गालावर उतरत होतं आणि ते हसत होते. बायको धपकन मशीनपुढे बसली आणि तिनं पायडल मारायला सुरुवात केली. सुईखाली कापड नव्हतं. मशीन नुसतंच खडखडत राहिलं. पोस्टमननं टाळ्या वाजवल्या तशी बाही निसटून खाली पडली. "राहू दे," तो म्हणाला, "आज नको मला कोट. उद्या येतो." आणि एका बाहीचा कोट अंगावर तसाच ठेवून तो बातमी सांगायला फळवाल्याकडे पळाला.

मशीन थांबलं. ती उठली, गळ्यातली टेप काढली.

"उभे राहा सरळ."

"कशाला?"

"शर्ट शिवते. जुने सगळे अंगावर लोंबतायत तुमच्या. असं चालायचं नाही आता."

पंच उभे राहिले. त्यांचं माप तिला तोंडपाठ होतं, तरी तिनं टेप मानेपासून पाठीवरून खाली सोडली, बोटानं धरली, परत वर नेऊन पुन्हा सोडली. पिचलेल्या मणक्यांवरून तिचा हात हलकेच फिरला.

"दोन बोटं कमी भरताय."

"तेवढंच ना?" पंच म्हणाले. "बाकीचा आहे सगळा."