भिंतीकडे पाठ

चेंडू भिंतीवरून उडून रस्त्यावर आला, तेव्हा धम्मपालने मान खाली घालून तो उचलला आणि डोळे घट्ट मिटून आत भिरकावला. शपथ खेळ न बघण्याची होती. चेंडू परत न देण्याची नव्हती.

"इमानदारी बघा सर," तो म्हणाला. "भिंतीची वरची वीट बी न्हाई बघितली ह्या डोळ्यांनी."

भागवतसर समाधानाने हसले. आष्टी इलेव्हनचे सव्वादोनशे पाठीराखे मैदानाच्या भिंतीकडे पाठ करून ओळीने बसले होते आणि नुसत्या आवाजावरून कोणाची किक ते ओळखत होते. बहिष्काराचा हा तिसरा सामना. आत पंच होता, बावीस खेळाडू होते. बघायला गावचे कोणीही नव्हते.

मालकाविषयी मात्र गावात दुमत नव्हते. अण्णासाहेब जालन्याचे, जमिनी घेऊन प्लॉट पाडणे हा त्यांचा व्यवसाय. मैदान ज्या क्रीडासंस्थेचे, तिची सगळी पदे चार वर्षांपूर्वी त्यांच्या घरात गेली. मग मैदानावरचा नळ गेला, गोलची जाळी गेली, आणि बबलूसारखा फॉरवर्ड दुसऱ्या संघाला देऊन टाकण्यात आला. आता मैदानही जाणार, अशी कुजबुज होती.

ते वाचवण्याची तोड चौतीस वर्षे मराठी शिकवलेल्या भागवतसरांनी काढली. रिकाम्या मैदानाचा मालक म्हणवून घेण्यात कसली प्रतिष्ठा? लोकांनी पाठ फिरवली की सत्ताधीश आपोआप कोसळतात, हे त्यांनी अनेक ग्रंथांत वाचले होते. ते बहिष्कार समितीचे अध्यक्ष झाले. कातडी निघालेल्या जुन्या चेंडूवर हात ठेवून एकेकाने शपथ घेतली.

आणि योजना फळत असल्याचा लेखी पुरावाच होता. दर सामन्याच्या सकाळी मालकाचा कारकून राधेश्याम निमंत्रण घेऊन सरांच्या दारात उभा राही. 'समस्त गावकऱ्यांनी सामना पाहण्यास अगत्याने यावे.' भाषा उत्तरोत्तर अजिजीची होत चालली होती. तिसऱ्या पत्रात तर चहाचाही उल्लेख होता. राधेश्यामला फक्त पोच हवी असे. सर ती देत आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात जोडत: 'मिळाले. कोणीही येणार नाही.'

"मालक रडकुंडीला आला राव," धम्मपाल म्हणे. "पुढच्या खेपेला जिलबी ठेवतो बघा."

मध्यंतराची शिट्टी झाली आणि साळूबाई काठी टेकत फाटकाशी आल्या. मैदान त्यांच्याच नवऱ्याने दिलेले. रेल्वेच्या नोकरीत सिकंदराबादला फुटबॉल शिकून आलेल्या कचरूभाऊंनी आपली चार एकर काळी जमीन संस्थेच्या नावे केली होती. फाटकावरच्या पाटीवरचे वाक्यही त्यांच्याच दानपत्रातले: 'जोवर गाव बघतं, तोवर हे मैदान खेळाचं.' मूळ वाक्य याहून लांब होते. ती पाटी रंगवणाऱ्या तरुण भागवतसरांना उत्तरार्ध पाल्हाळिक वाटला होता. शिवाय पत्रा आखूड होता.

"गुरुजी, मला आत जाऊ द्या. एकलीच बसते कोपऱ्यात."

"मावशी, शपथ आहे."

"म्या कुठं घेतली? मी गेल्ते लेकीकडं, टेंभुर्णीला. कालच आले."

"गावानं घेतली म्हणजे तुम्हीही घेतली."

"बघणारंच न्हाई तर मंग खेळ कशाचा?" साळूबाईंचा हात फाटकाच्या कडीवर होता. "आमचे हे मरस्तोवर सांगायचे, एक तरी माणूस बसलं पायजे."

"भाऊ आज असते तर या भिंतीपाशी सगळ्यांत आधी बसले असते," सर म्हणाले आणि त्यांनी म्हातारीचा हात कडीवरून हळूच सोडवला.

साळूबाईंनी वर पाटीकडे पाहिले. त्यांना वाचता येत नव्हते.

"तुमी शिकलेले," त्या म्हणाल्या. "तुमाला ठावं असंल." आणि आल्या वाटेने परत गेल्या.

सरांना वाईट वाटले. पण एका अपवादाने तत्त्वाचा फज्जा उडतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर लिहिले होते.

आष्टी एका गोलने जिंकली. आतल्या आरोळीवरून ते कळले आणि सव्वादोनशे माणसांनी भिंतीकडे पाठ करूनच टाळ्या वाजवल्या. धम्मपाल बराच वेळ डोळे पुसत राहिला. "धूळ लई हाय," तो म्हणाला.

राधेश्यामने बाहेर येऊन फाटकाला कुलूप लावले. दर सामन्यानंतर सर त्याच्या हाती सहीचा एक कागद ठेवत: 'आजचे गावकरी प्रेक्षक: शून्य.' आज त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. नोंद नेहमी खरी आणि पूर्ण असावी, हा त्यांचा आग्रह होता.

"काय रे, माझ्या कागदांना मालक काय म्हणतात?"

"बराबर फायलीला लावून ठेवतेत सर. म्हणतेत, मास्तरचं अक्षर बिलकुल छापल्यावानी."

सोमवारी फाटकावर मालकाच्या वकिलाची नोटीस चिकटवलेली होती. गाव जमले. सरांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावे तसे खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

'दानपत्राचे सातवे कलम: जोवर गाव बघतं, तोवर हे मैदान खेळाचं, पण निमंत्रण देऊनही लागोपाठ तीन सामने गावातलं एकही माणूस बघायला आलं नाही, तर जमीन पडीक न ठेवता संस्थेनं विकून टाकावी.'

सरांचा आवाज तिथेच थांबला. त्यांनी पाटीकडे पाहिले, आखूड पत्र्याच्या कडेकडे पाहिले. पुढचे धम्मपालने वाचले, अडखळत, बोट ठेवून.

'निमंत्रणाच्या तिन्ही पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. तिसऱ्या सामन्यास साळूबाई नावाच्या एक गावकरी आल्या होत्या. परंतु समितीच्या अध्यक्षांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवले, अशी अध्यक्षांच्याच हस्ताक्षरातील नोंदही सोबत आहे.'