पिल्लासाठी आणलेला पट्टा

पिल्लाच्या पिंजऱ्यावरचा दिवा लाल झाला तेव्हा शलाका हसली. "काका, तुमचं यंत्र बिघडलंय. मी बत्तीस वर्षांची आहे."

प्राणी निवाऱ्याचे भोईटेकाका हसले नाहीत. त्यांनी तिचं बोट पुन्हा टोचलं आणि रक्ताचा नवा थेंब यंत्रात सोडला. दिवा लालच राहिला.

"नियम आहे, ताई. एकदा पोरकं झालेलं जनावर पुन्हा पोरकं करायचं नाही. पाळणाऱ्याचं आयुष्य त्याच्यापेक्षा जास्त उरलं असेल, तरच दिवा हिरवा होतो."

"मग थोडं मोठं दाखवा."

चार वर्षांच्या कुत्रीपाशी दिवा लाल झाला. नऊ वर्षांच्या बोक्यापाशीही लालच. "निदान हा तरी द्या," असं शलाका प्रत्येक पिंजऱ्यापाशी म्हणत होती, भाजीवालीशी घासाघीस करावी तसं. लेकीनं पिल्लासाठी निवडलेला घुंगरांचा पट्टा तिच्या हातात सारखा वाजत होता.

शेवटच्या पिंजऱ्यात मोतीबिंदू झालेला, पंधरा वर्षांचा कुत्रा पडून होता. तिथे दिवा हिरवा झाला.

"हा किती दिवसांचा सोबती, काका?"

भोईटेकाका मान खाली घालून कुलूप काढत राहिले. "डॉक्टर म्हणाले, फार तर दिवाळीपर्यंत."

पट्टा कुत्र्याच्या गळ्याला पुरला नाही. शलाका तिथेच फरशीवर बसली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन घट्ट धरलं.

"काका, याला काय खायला घालू? काय घातलं म्हणजे हा खूप वर्षं जगेल?"