तळातली जाळी

"आई, सारखा त्या मशीनमध्ये हात घालत जाऊ नका हो! एक दिवस बिघडवून ठेवाल." सासूबाईंना डिशवॉशरच्या तळाशी वाकलेलं बघून मी ओरडलेच. त्यांच्या हातात दात घासायचा जुना ब्रश होता. तोही मी घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेव्हापासून त्या मशीनकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. स्वतःची कपबशीही हातानेच विसळून ठेवायच्या.

दोन महिन्यांनी मशीनने मान टाकली. तळाशी घाण पाणी तुंबलं आणि स्वयंपाकघरात नाक धरायची वेळ आली. मेकॅनिकने तळातली जाळी फिरवून बाहेर काढली, तर तिच्यावर खरकट्याचा काळा, बुळबुळीत थर.

"ही दर आठवड्याला काढून ब्रशने घासायची असते, ताई. नाहीतर पाणी जाणार कुठून? मशीन किती वर्षांचं आहे?"

"चार."

"मग इतके दिवस कोण घासत होतं?"

ही जाळी निघते, हेच मला आज कळत होतं.

मी बाहेरच्या खोलीत गेले. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. माफी कुठल्या तोंडाने मागावी ते सुचेना, म्हणून नुसतंच "आई..." म्हटलं.

त्या घाईघाईने उठून उभ्या राहिल्या.

"अगं, मी नाही हं हात लावला. तू बोललीस त्या दिवसापासून एकदाही नाही."