पाणीही न मागता

नातवाचा, निशांतचा दहावासुद्धा झाला नव्हता, आणि सूनबाई चपला घालून दारात उभी. सुतकात! बैठकीत माणसं बसलेली असताना! सखुबाईंना वाटलं, घराण्याची सगळी अब्रू हिनं उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली.

"पलासियाच्या दवाखान्यात जाऊन येते, आईसाहेब," अरुंधती म्हणाली. "पूर्वाचं हार्ट तपासायचंय."

"मुलगा गेला, आता धडधाकट पोरीलाही दवाखान्याची हवा दाखव!"

पूर्वा आईच्या मागे सरकली. मागच्या महिन्यात शाळेत धावताना ती घेरी येऊन पडली होती. 'उपाशी राहायची नाटकं,' असा निकाल तेव्हाच सखुबाईंनी देऊन टाकला होता.

समाचाराला आलेले अप्पासाहेब सावरून घेत म्हणाले, "जाऊ द्या, काकीसाहेब. पोरगं खेळता खेळता गेलं. ऐसी मौत नसीबवालों को मिलती है."

सखुबाई ताठ झाल्या. हा तर त्यांच्या हक्काचा विषय.

"आमच्यात कुणी खाटेवर कुजत नाही, अप्पासाहेब. आमचे हे, जयसिंगराव, दसऱ्याच्या मिरवणुकीत घोड्यावरच गेले. चाळिशी नव्हती गाठली. धाकटे दीर लक्ष्मणराव तालमीत, अंगाची माती झटकायच्या आत. आणि आता नातू, हातात बॅट घेऊन. कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. फौजेतलं रक्त आहे!"

इथवर आलं की ऐकणारे हात जोडायचे. आजही जोडले. अरुंधतीनं मात्र चपला काढल्या आणि ती सासूसमोर येऊन बसली.

"आईसाहेब, निशांत गेला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणी तरुणपणी असं एकदम गेलंय का. मी नाही म्हणाले."

"नाही? का?"

"मला आठवलंच नाही. तुम्ही त्याला कधी मरण म्हणालाच नाहीत. पराक्रम म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "हा हार्टचा आजार रक्तातून येतो म्हणे. आधी कळला तर इलाज आहे."

सखुबाईंनी पूर्वाकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून बसलेल्या शरदकडे, निशांतच्या बापाकडे. मुलगा गेल्यापासून जिना चढताना तो मध्येच थांबायचा, छातीवर हात ठेवून. लेकाच्या दुःखानं, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

त्या पदर सावरत उठल्या. स्वतःच्या चपला शोधू लागल्या.

"काकीसाहेब, सुतक..." अप्पासाहेब पुटपुटले. सखुबाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"चुकलीस तू, सूनबाई," त्या म्हणाल्या. "एकट्या पोरीला काय नेतेस? शरदलाही उठव. आणि मला गाडीत पुढे बसव. आमच्या घरात कोण कोण आजारानं मेलं, ते डॉक्टरला मी सांगते."