चौथा कोपरा

समजा, तुमच्या हातात पाटीएवढा स्टीलचा पत्रा आहे. जाड, नुकताच कापलेला, चारही कोपरे टोकदार. त्यावर एका माणसाचे पाय टेकणार आहेत आणि त्या पायांना काहीच कळत नाही. गार नाही, गरम नाही, खरचटलेलंही नाही. आता ते कोपरे गोल करा.

घरामागच्या खोलीत खारूताई तेच करत होती. सारखी इकडून तिकडे पळते म्हणून दादाने तिला हे नाव ठेवलं होतं. पत्रा दादाच्या चाकांच्या खुर्चीला बसवायचा होता. जुन्या पत्र्याच्या कोपऱ्याने परवा त्याचा घोटा कापला, पण ते त्यालाही कळलं नाही. आईला मोजा लाल दिसला, तेव्हा कळलं. टाके घालावे लागले. “नवा मी करणार,” असं खारूताईने त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

औषधाच्या बाटलीचं झाकण कोपऱ्यावर ठेवून तिने खिळ्याने गोल रेघ ओढली. टोकं आजोबांनी करवतीने उडवून दिली. मग पत्रा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून ती कानस चालवू लागली.

“पुढे जाताना रेटायची, मागे येताना उचलायची,” आजोबा म्हणाले. “नुसती मागेपुढे घासायला ते काय दात आहेत?”

दुपार कलली तेव्हा चारही कोपरे झाकणाशी जुळले. आजोबांनी पत्रा सोडवला आणि कडेवरून अंगठा फिरवला. वरून, मग खालून.

“लोण्यासारखा झालाय.”

“कोण म्हणतंय? आजोबांचा अंगठा?” दादा खुर्ची ढकलत दारात आला होता. “काल गरम पातेलं नुसत्या हाताने उतरवलंत. तुमचा अंगठा आणि माझा पाय सख्खे भाऊ आहेत.”

“जन्मभर लोखंड धरलंय बाबा. तुझ्यासारखा मोबाइल नाही.”

दोघं हसले. खारूताईने आजोबांच्या अंगठ्याकडे पाहिलं. पिवळा, जाड, चिरा पडलेला. मग तिने स्वतःचं बोट कडेवर फिरवून बघितलं. पण कानस धरून धरून बोटं बधिर झाली होती.

“बसव गं आता,” दादा म्हणाला. “पाय लोंबकळून कंटाळले असतील बिचारे. आणि लागलं तरी मला कुठे कळतंय?”

आजोबांनी स्क्रू शोधायला डबा उघडला.

खारूताई खाली बसली. तिने स्वतःचा एक बूट काढला, मोजा काढला. पत्रा फरशीवर उभा धरला, घोटा कडेला टेकवला आणि सावकाश सरकवला. एक कोपरा झाला. पत्रा फिरवून दुसरा झाला, तिसराही. चौथ्यापाशी तिने ओठ घट्ट मिटले.

घोट्यावर बारीकशी पांढरी रेघ उठली होती.

“काय झालं?” आजोबांनी विचारलं.

पत्रा उलटा करून तिने पुन्हा व्हाइसमध्ये आवळला आणि कानस उचलली. मोजा मात्र घातला नाही. कड तपासायला तो पाय अजून लागणार होता.