डावा कान

“हाक मारली तरी येत नाही, माजलाय नुसता,” कुत्र्याला टेबलावर चढवत बाबा डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टरांनी त्याचा डावा कान उलटा केला, तसा घाण वास सुटला. “पू साठून बंद झालाय. या बाजूनं त्याला ऐकूच येत नाही, म्हणून मान तिरकी करतो.” बाबांचा चेहरा उतरला. गार थेंबांनी तो दचकू नये म्हणून त्यांनी औषधाची बाटली मुठीत धरून कोमट केली, थेंब घातले, कानाचं मूळ हळुवार चोळलं. “मुक्या जिवाला मी उगाच मारत राहिलो,” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मी सातवीत असताना त्यांनी त्याच हातानं माझ्या डाव्या कानाखाली आवाज काढला होता. दडा बसला, तो कायमचाच. बाबा काहीतरी म्हणाले. सवयीनं मी मान तिरकी केली. ते खेकसले, “लक्ष कुठं असतं तुझं?”