पहिला आलेख

लाल चौकोन. शेपटी नसलेला उंदीर. पाटीवर नाचणारी अक्षरं.

तपासणीच्या टोपीने मेंदूतून टिपलेल्या आलेखातली चित्रं पडद्यावर सरकत होती. सुनंदाने शेजारी बसलेल्या लेकीला, कृपाला, जवळ ओढलं. आता कृपाला शाळेतून काढणार?

"छे हो, कृपाचा आलेख हा दुसरा. एकदम छान आहे," डॉक्टर घारपुरे म्हणाल्या. "पण हा पहिला कुणाचा? बुद्धी लख्ख, फक्त अक्षरं जागेवर थांबत नाहीत. वेळेवर नीट शिकवलं असतं, तर हे मूल कुठच्या कुठे गेलं असतं."

सातवीत गुरुजींनी 'दगड' ठरवून घरी बसवलेल्या सुनंदाने पदर डोळ्यांना लावला.

"आई, रडतेस कशाला गं? मी पास झाले ना!"

सकाळी कृपा टोपीला घाबरली, तेव्हा "बघ, काही होत नाही," म्हणत सुनंदाने ती आधी स्वतः घातली होती.